वाहनचालनाचा अनुभव आणि चालकाचे अवधान : पेण-रोहा परिसराच्या संदर्भात एक मानसशास्त्रीय विवेचन

प्रस्तावना

रायगड जिल्ह्यातील पेण हे रस्तेवाहतुकीच्या दृष्टीने महत्त्वाचे शहर आहे. मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्ग पनवेलकडून कर्नाळा खिंड आणि खारपाड्याचा पूल ओलांडून पेणला येतो व पुढे वडखळ, नागोठणे, सुकेळी खिंड, कोलाड असा दक्षिणेकडे जातो. २०१० पर्यंत या महामार्गाचा क्रमांक १७ होता. त्यानंतर तो ६६ झाला. वडखळहून अलिबागकडे, पेणहून खोपोलीकडे, तर नागोठणे आणि कोलाड येथून रोह्याकडे रस्ते फुटतात. डोलवीचा पोलाद कारखाना, नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प आणि रोह्याजवळील धाटाव औद्योगिक वसाहत यांमुळे अवजड ट्रक व टँकर यांची येथे सतत ये-जा असते. त्यांच्याच सोबतीने एस.टी. गाड्या, मिनीडोअर, रिक्षा, टेम्पो, दुचाकी आणि पायी चालणारी माणसे हाच रस्ता वापरतात. जिल्ह्याचे परिवहन कार्यालय पेण येथे असल्याने ‘एम.एच. ०६’ या क्रमांकाच्या वाहनांचे आणि त्यांच्या चालकांचे पेणशी नाते आहेच.

या परिसरात वाहनचालनाविषयी एक समज दृढ आहे. ज्याने वर्षानुवर्षे गाडी चालवली, त्याला गाडी चालवता चालवता फोनवर बोलणे, सुटे पैसे मोजणे किंवा रस्त्याकडेच्या प्रवाशाशी भाडे ठरवणे सहज जमते. या गोष्टी धोक्याच्या आहेत त्या नवशिक्याला, असा तो समज होय. ‘हात बसला आहे’ हे शब्द आपण अशा चालकाविषयी कौतुकाने वापरतो. हा समज कितपत खरा आहे, हा प्रश्न जीविताशी निगडित आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. यांपैकी बहुसंख्य मृत्यू ‘अतिवेग’ या सदराखाली नोंदले गेले आहेत. अपघाताच्या क्षणी चालकाचे लक्ष कोठे होते, हे पंचनाम्यातून क्वचितच निष्पन्न होते. वाहनाचे चाक किती घसरले हे मोजता येते. मन किती घसरले होते ते मोजता येत नाही. म्हणूनच या प्रश्नाकडे मानसशास्त्राच्या दृष्टीने पाहणे आवश्यक ठरते.

लेखाची उद्दिष्टे व मर्यादा

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत. (१) अवधान आणि बहुकार्य या संकल्पना वाहनचालनाच्या संदर्भात स्पष्ट करणे. (२) अनुभवामुळे चालकाच्या अवधानात नेमका कोणता बदल होतो आणि कोणता होत नाही, हे उपलब्ध संशोधनाच्या आधारे मांडणे. (३) या विवेचनाच्या प्रकाशात पेण-रोहा परिसरातील वाहनचालनाचा विचार करून काही उपाय सुचविणे.

लेख दुय्यम साधनांवर आधारित असून त्याचे स्वरूप विवेचनात्मक आहे. उल्लेखिलेले बहुतेक प्रयोग पाश्चात्त्य देशांत झालेले आहेत. तेथील रस्ते व वाहतूक आपल्यापेक्षा भिन्न असल्याने त्यांतील आकडे जसेच्या तसे येथे लागू करता येणार नाहीत. मात्र मानवी अवधानाच्या ज्या मर्यादा त्यांतून दिसतात, त्या सर्वत्र समान आहेत.

अवधान आणि बहुकार्य

एका क्षणी आपल्या ज्ञानेंद्रियांवर असंख्य उद्दीपकांचा मारा होत असतो. त्यांतील काहींची निवड करून त्यांवर मानसिक शक्ती केंद्रित करण्याच्या प्रक्रियेस ‘अवधान’ म्हणतात. डॅनियल काहनेमान यांनी १९७३ मध्ये अवधानाची कल्पना मर्यादित भांडवलासारखी मांडली. कोणतेही काम या भांडवलातून काही भाग घेते. कामे अवघड असतील तर भांडवल अपुरे पडते. पगार तेवढाच आणि खर्च वाढत गेला की घरात जे होते, तेच येथे मनात होते.

एकाच वेळी दोन किंवा अधिक कामे करण्यास ‘बहुकार्य’ असे म्हणता येईल. व्यवहारात त्याचे दोन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात एक काम इतके अंगवळणी पडलेले असते की ते अवधान फारसे मागत नाही. उदाहरणार्थ, गप्पा मारता मारता भाकरी थापणे. दुसऱ्या प्रकारात दोन्ही कामांना अवधान लागते आणि मन त्या दोहोंमध्ये आळीपाळीने फिरते. आपल्याला वाटते की आपण दोन्ही कामे एकदमच करीत आहोत. प्रत्यक्षात एका कामाकडे लक्ष असताना दुसरे काही काळ वाऱ्यावर सोडलेले असते. वाहनचालनाच्या संदर्भातील बहुतेक गैरसमज हे दोन प्रकार एकच मानल्यामुळे निर्माण झालेले आहेत.

हात बसणे म्हणजे काय?

शिफ्रिन आणि श्नायडर या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मानसिक प्रक्रियांचे ‘नियंत्रित’ आणि ‘स्वयंचलित’ असे दोन वर्ग केले. नियंत्रित प्रक्रिया संथ असते, प्रयत्नपूर्वक करावी लागते आणि अवधान खर्च करते. तीच कृती एकाच पद्धतीने पुन्हा पुन्हा केल्यास ती हळूहळू स्वयंचलित होते. मग ती वेगाने, विनासायास आणि जवळजवळ नकळत घडते. मराठीतील ‘हात बसणे’ या वाक्प्रचारात हाच आशय आहे.

नवशिका चालक क्लच, गिअर आणि ॲक्सिलरेटर यांचा मेळ घालताना पुरता गुंतलेला असतो. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायची म्हटली की त्याला घाम फुटतो. इस्रायलमधील डेव्हिड शिनार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचा नेमका पुरावा मिळतो. चालकांना गाडी चालवताना रस्त्यावरील ठरावीक फलक टिपण्यास सांगण्यात आले. हाताने गिअर बदलावे लागणारी गाडी चालवणाऱ्या नवशिक्यांना स्वयंचलित गिअरच्या गाडीतील नवशिक्यांपेक्षा कमी फलक दिसले. अनुभवी चालकांमध्ये मात्र असा फरक आढळला नाही. याचा अर्थ असा की, नवशिक्याचे अवधान गिअर खात होता. अनुभवी चालकाच्या बाबतीत ते अवधान मोकळे झाले होते.

अनुभवाचा हा पहिला आणि निर्विवाद लाभ होय. परंतु येथेच एक बाब लक्षात घ्यावयास हवी. अनुभवाने अवधानाचे भांडवल वाढत नाही. फक्त एका कामाचा खर्च कमी होतो. वाचलेले भांडवल रस्त्यावर खर्च करायचे की फोनवर, हे अनुभव ठरवत नाही. ते चालक ठरवतो.

नजर कोठे असते?

अनुभवाचा दुसरा लाभ नजरेशी संबंधित आहे. मोरंट आणि रॉकवेल यांनी १९७२ मध्ये चालकांच्या नेत्रहालचालींची नोंद घेतली. नवशिके चालक वाहनाच्या पुढ्यातील जवळच्या रस्त्याकडे अधिक पाहतात, त्यांची नजर लहान क्षेत्रात फिरते आणि आरशांचा वापर ते कमी करतात, असे त्यांना आढळले. अनुभवी चालकांची नजर दूरवर आणि अधिक रुंद क्षेत्रात फिरत होती.

ब्रिटनमधील क्रंडॉल आणि अंडरवुड यांनी १९९८ मध्ये यात भर घातली. रस्त्याचा प्रकार बदलला की अनुभवी चालक नजर फिरवण्याची पद्धतही बदलतो; गर्दीच्या, दुपदरी विभाजित मार्गावर तो दोन्ही बाजूंना अधिक पाहतो. नवशिका सर्व रस्त्यांवर जवळपास एकाच पद्धतीने पाहतो. आपल्या परिसरात बोलायचे तर, कर्नाळा खिंडीतील वळणांवर, पेण शहरातील बाजाराच्या रस्त्यावर आणि वडखळच्या पुढील मोकळ्या पट्ट्यावर नजरेची गरज निरनिराळी असते. बाजारात उभ्या गाडीच्या आडून मूल धावत येण्याची शक्यता असते, खिंडीत वळणापलीकडचे वाहन महत्त्वाचे असते आणि मोकळ्या रस्त्यावर दुभाजकाच्या फटीतून आडवी येणारी दुचाकी. कोठे काय घडू शकते याची अपेक्षा बाळगून तेथे आधीच नजर टाकणे यास आपण ‘संकटवेध’ म्हणू. हा संकटवेध म्हणजेच अनुभवाची खरी कमाई होय. ब्रिटनने नोव्हेंबर २००२ पासून वाहन परवान्याच्या परीक्षेत चित्रफितींवर आधारित संकटवेधाची स्वतंत्र चाचणी समाविष्ट केली, ती याच कारणासाठी.

जोडकामात अनुभव कोठे उपयोगी पडतो?

गाडी चालवताना केलेल्या इतर कामांना येथे ‘जोडकाम’ असे म्हटले आहे. काही जोडकामे नजर आणि हात मागतात. उदाहरणार्थ, फोनवर क्रमांक लावणे, खाली पडलेली वस्तू उचलणे, पाण्याची बाटली शोधणे. फिनलंडमधील विकमन, निएमिनेन आणि सुमाला यांनी १९९८ मध्ये अशा कामांच्या वेळी चालकांची नजर रस्त्यावरून किती काळ ढळते, हे तपासले. अनुभवी चालक साधारणपणे थोडक्या, सारख्या अवधीच्या नजरा टाकून काम तुकड्या-तुकड्यांनी पूर्ण करतात. नवशिक्यांच्या नजरा कधी फारच आखूड, तर कधी धोकादायक वाटाव्यात इतक्या दीर्घ असतात.

या फरकाचे महत्त्व साध्या गणिताने कळते. ताशी ६० कि.मी. वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १६.७ मीटर जाते. दोन सेकंद नजर खाली गेली तर ३३ मीटर, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या तीन एस.टी. गाड्यांएवढे अंतर, न पाहता कापले जाते. ताशी ८० कि.मी. वेग असेल आणि संदेश वाचण्यात पाच सेकंद गेले, तर हे अंतर १११ मीटर होते.

अमेरिकेतील व्हर्जिनिया येथे प्रत्यक्ष रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांमध्ये कॅमेरे बसवून केलेले संशोधन येथे विशेष उपयुक्त आहे. शंभर गाड्यांच्या अशा एका अभ्यासात, जवळपास ८० टक्के अपघातांमध्ये अपघातापूर्वीच्या तीन सेकंदांत चालकाचे लक्ष ढळलेले होते, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात नमूद आहे. त्यानंतर क्लाउअर व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ४२ नवपरवानाधारक तरुण आणि १०९ अनुभवी चालक यांची तुलना केली. क्रमांक लावताना नवशिक्यांच्या बाबतीत अपघाताचा किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका आठ पटींहून अधिक वाढला. अनुभवी चालकांच्या बाबतीत तो सुमारे अडीच पट झाला. म्हणजे अनुभवाने धोका कमी झाला, परंतु नाहीसा झाला नाही. अडीच पट धोका हा ‘सहज जमते’ या म्हणण्याचा पुरावा ठरत नाही.

याच अभ्यासातील आणखी एक निरीक्षण चिंतनीय आहे. परवाना मिळाल्यानंतरच्या आरंभीच्या काळात तरुण चालक जोडकामे कमी करीत होते. जसजसे महिने उलटले, तसतसे त्यांचे प्रमाण वाढत गेले. हात बसू लागला तसा संयम सुटू लागला. संकटवेध पुरता तयार होण्यापूर्वीच आत्मविश्वास तयार होतो, हा नवशिकेपणाच्या दुसऱ्या टप्प्यातील मोठा धोका आहे.

अनुभव कोठे थांबतो?

दुसऱ्या प्रकारची जोडकामे नजर आणि हात मागत नाहीत. ती मन मागतात. कानाला यंत्र लावून फोनवर बोलणे हे त्याचे ठळक उदाहरण होय. दोन्ही हात सुकाणूवर आणि डोळे रस्त्यावर असल्यामुळे हे बोलणे निर्धोक आहे, असे समजले जाते.

डोळ्यांसमोर असलेली वस्तू दिसतेच असे मात्र नाही. सायमन्स आणि शाब्री यांच्या १९९९ मधील प्रयोगात चेंडूच्या फेकी मोजण्यात गुंतलेल्या सुमारे निम्म्या प्रेक्षकांना, चित्रफितीच्या मध्यभागी येऊन छाती बडवणारा गोरिलाच्या वेषातील मनुष्य दिसला नाही. अनुभवी तज्ज्ञांचे असे होणार नाही, असे कोणी म्हणेल. ड्र्यू, वो आणि वुल्फ यांनी २०१३ मध्ये २४ क्ष-किरणतज्ज्ञांना फुप्फुसांच्या प्रतिमांमध्ये गाठी शोधण्यास दिल्या आणि त्यांतील काही प्रतिमांमध्ये गाठीच्या ४८ पट मोठे गोरिलाचे चित्र घातले. २४ पैकी २० तज्ज्ञांना ते दिसले नाही. ज्या गोष्टीचा शोध चालला आहे, तिच्यासाठी अनुभव नजर तीक्ष्ण करतो. अनपेक्षित गोष्टीसाठी मोकळे अवधानच लागते.

स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांच्या २००१ मधील प्रयोगांत फोनवर संभाषण करणाऱ्या चालकांनी अधिक सिग्नल चुकवले आणि त्यांची प्रतिक्रिया मंदावली. फोन हातात धरला होता की नाही, याने फरक पडला नाही. कॅनडातील टोरांटो येथे रेडेलमायर आणि टिब्शिरानी यांनी १९९७ मध्ये, अपघात झालेल्या ६९९ फोनधारक चालकांच्या फोन नोंदी तपासल्या. फोन वापराच्या काळात टक्कर होण्याचा धोका सुमारे चौपट आढळला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब ही की, चालकाचे वय आणि वाहनचालनाचा अनुभव भिन्न असूनही हा धोका जवळपास सारखाच होता.

येथे एक मतभेद नोंदविणे प्रामाणिकपणाचे ठरेल. व्हर्जिनियातील २०१४ च्या वर उल्लेखिलेल्या अभ्यासात केवळ फोनवर बोलण्यामुळे धोका लक्षणीयरीत्या वाढल्याचे आढळले नाही. वाढ आढळली ती क्रमांक लावणे, फोनकडे हात नेणे यांसारख्या नजर वळविणाऱ्या कृतींमध्ये. म्हणून बोलण्याच्या धोक्याच्या परिमाणाविषयी संशोधकांत एकमत नाही. तथापि बोलण्यासाठी फोन आधी शोधावा, पाहावा आणि उचलावा लागतो, आणि प्रतिक्रिया मंदावल्याचे प्रयोगशाळेत वारंवार दिसले आहे, हे ध्यानात घेता बोलणे निर्धोक ठरवता येत नाही.

सरावाने हे सुधारेल काय? कूपर आणि स्ट्रेयर यांनी २००८ मध्ये चालकांना अभिरूप वाहनावर चार दिवस फोनसह वाहन चालविण्याचा सराव दिला. वाहन चालविणे सुधारले; परंतु फोनमुळे होणारी हानी टिकून राहिली. प्रत्यक्ष जीवनात गाडी चालवताना नेहमी फोनवर बोलणाऱ्यांची कामगिरीही इतरांपेक्षा सरस ठरली नाही. कारण उघड आहे. गिअर बदलण्याची कृती प्रत्येक वेळी तीच असते, म्हणून ती स्वयंचलित होते. संभाषण मात्र प्रत्येक वेळी नवे असते आणि रस्त्यावरील संकटही नवे असते. जे दर वेळी नवे, त्याचा हात बसत नाही.

वॉटसन आणि स्ट्रेयर यांनी २०१० मध्ये २०० व्यक्तींची पाहणी केली असता अवघ्या अडीच टक्के, म्हणजे पाच जणांची कामगिरी दोन्ही कामे एकत्र करताना खालावली नाही. परंतु आपण त्या पाचांपैकी एक आहोत असे मानणाऱ्यांची संख्या फार मोठी असते. सानबोनमात्सू व सहकाऱ्यांच्या २०१३ मधील अभ्यासात बहुकार्याची सवय जास्त असलेल्यांची प्रत्यक्ष क्षमता उलट कमी आढळली. स्वीडनच्या ओला स्वेन्सन यांनी १९८१ मध्ये दाखविले की, त्यांच्या पाहणीतील ९३ टक्के अमेरिकन चालक स्वतःला मध्यम चालकापेक्षा अधिक कुशल समजत होते. अनुभव जसा कौशल्य देतो, तसा तो भ्रमही देतो; कारण ज्या दिवशी लक्ष ढळूनही काही घडले नाही, तो प्रत्येक दिवस चालकाला स्वतःच्या कौशल्याचा दाखला वाटतो.

ओळखीच्या रस्त्याचा धोका

नेहमीचा रस्ता चालकाला पाठ असतो. मार्टेन्स आणि फॉक्स यांच्या २००७ मधील अभिरूप प्रयोगात एकाच मार्गावरून पुन्हा पुन्हा जाणाऱ्या चालकांची फलकांवरील नजर उत्तरोत्तर आखूड होत गेली. त्यानंतर एका चौकातील अग्रक्रम बदलण्यात आला, तेव्हा अनेकांनी बदललेला फलक समोर असूनही जुन्याच समजुतीने गाडी पुढे नेली. त्यांनी समोरचा रस्ता पाहिलाच नाही. त्यांनी पाहिला तो आठवणीतला रस्ता.

पेण ते रोहा रोज ये-जा करणाऱ्या चालकाला हा निष्कर्ष विशेष लागू पडतो. महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि एका दशकाहून अधिक काळ रेंगाळले. या काळात वळणमार्ग बदलत राहिले, कालची दुहेरी वाहतूक आज एकेरी झाली, दुभाजकातील मोकळ्या जागा उघडल्या आणि बंद झाल्या, पावसाळ्यात रातोरात खड्डे पडले. ओळखीचा रस्ता असा अनोळखी होत राहतो, तेव्हा अनुभवी चालकाची पाठ झालेली अपेक्षाच त्याला दगा देते. बाहेरगावचा चालक या रस्त्यावर बिचकत, पाहत चालतो. स्थानिक चालक खात्रीने चालतो. सुकेळी किंवा भिसे खिंडीच्या वळणावर ती खात्री गृहीत धरता येत नाही.

पेण-रोहा परिसरातील चालकांची जोडकामे

बहुकार्य हा केवळ चालकाच्या स्वभावाचा दोष समजणे एकांगी ठरेल. ते पुष्कळदा व्यवसायाच्या रचनेतूनच येते. एस.टी. महामंडळाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. या सेवेत चालक आणि वाहक अशी कामाची विभागणी रूढ आहे. तिकिटे, सुटे पैसे, दरवाजा व प्रवाशांची चढउतार वाहकाने पाहायची. एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन घंट्या म्हणजे चला, एवढाच निरोप चालकापर्यंत जातो. अवधानाच्या मानसशास्त्राच्या दृष्टीने ही व्यवस्था आदर्श आहे. तिने चालकाचे अवधान रस्त्यासाठी राखून ठेवले आहे.

मिनीडोअर किंवा रिक्षाच्या चालकाला अशी सोय नाही. प्रवासी हेरणे, भाडे घेणे, सुटे परत देणे, पुढच्या नाक्यावरील सोबत्याचा फोन घेणे ही सारी कामे त्याची एकट्याचीच. त्यातही प्रवासी शोधण्यासाठी नजर रस्त्याच्या कडेला लागते आणि तेवढ्यात पुढचे वाहन थांबते. ट्रकमध्ये पूर्वी हमखास असणारा क्लिनर हा डावी बाजू पाहणारा दुसरा डोळाच होता. जेथे तो नाही, तेथे ते कामही चालकाकडे येते.

गणेशोत्सवापूर्वीच्या महिन्यांत पेण, हमरापूर, जोहे येथून मूर्तींचे टेम्पो मुंबई-ठाण्याकडे आणि त्याही पलीकडे जातात. या टेम्पोच्या चालकाचे मन मागील नाजूक मालात गुंतलेले असते. प्रत्येक खड्ड्यागणिक त्याची नजर आरशात जाते. हे जोडकाम बेजबाबदारपणाचे नाही, कर्तव्याचेच आहे; तरीही ते समोरच्या रस्त्याचे अवधान घेतेच. धाटावहून रसायने घेऊन निघालेल्या टँकरचालकाच्या चुकीची किंमत तर रस्त्याकडेच्या वस्तीलाही मोजावी लागू शकते.

शेजारच्या प्रवाशाशी बोलणे आणि फोनवर बोलणे यांतही फरक आहे. ड्र्यूज, पासुपाथी आणि स्ट्रेयर यांना २००८ मध्ये आढळले की, सहप्रवाशाशी बोलणारे बहुतेक चालक नेमून दिलेल्या ठिकाणी बरोबर वळले, तर फोनवर बोलणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे ते ठिकाण चुकले. शेजारी बसलेल्याला रस्ता दिसत असतो; खिंड आली की तो आपोआप गप्प होतो, प्रसंगी ‘अरे, जपून’ असे म्हणतो. फोनवरच्या माणसाला खिंड दिसत नाही.

दुचाकीस्वाराचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. मान वाकडी करून खांदा आणि कान यांत फोन धरून जाणारा स्वार अवधान तर गमावतोच, शिवाय मान वळविण्याचीही सोय गमावतो. एका बाजूचा रस्ता त्याच्यासाठी उरतच नाही.

कायद्याची भूमिका

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८४ मध्ये धोकादायक वाहनचालनाची तरतूद आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने, वाहन चालवताना हातातील संपर्कसाधनाचा वापर या कलमात स्पष्टपणे अंतर्भूत झाला. पहिल्या अपराधासाठी सहा महिने ते एक वर्ष कारावास किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये नियमांत बदल होऊन, चालकाची एकाग्रता भंग पावणार नाही अशा रीतीने केवळ मार्गदर्शनासाठी असे साधन वापरण्यास मुभा देण्यात आली.

कायदा हाताकडे पाहतो, कारण हात दिसतो. कानातील यंत्रावर चाललेले भांडण अथवा मनात चाललेली हप्त्याची चिंता त्याला दिसत नाही. शिवाय वाहन परवान्याची आपल्याकडील चाचणी मुख्यतः चिन्हांचे ज्ञान आणि वाहनावरील ताबा तपासते. संकटवेध तपासणारी चित्रफितींची स्वतंत्र चाचणी तीत नाही. म्हणजे हात बसला की नाही हे आपण पाहतो. नजर बसली की नाही हे पाहत नाही.

निष्कर्ष

१. अनुभवामुळे वाहनावरील ताब्याच्या कृती स्वयंचलित होतात व अवधान मोकळे होते. अवधानाची एकूण क्षमता मात्र वाढत नाही.

२. अनुभवी चालक नजर दूर, रुंद आणि प्रसंगानुरूप फिरवतो. अनुभवाचा खरा लाभ संकटवेधात आहे.

३. नजर व हात मागणाऱ्या जोडकामांचा धोका अनुभवाने कमी होतो, परंतु संपत नाही. मन मागणाऱ्या जोडकामांच्या बाबतीत अनुभवाचे संरक्षण फारसे आढळत नाही.

४. ओळखीच्या रस्त्यावर, विशेषतः तो बदलत असताना, अनुभव हाच दुर्लक्षाचे कारण होऊ शकतो.

५. व्यावसायिक चालकांचे बहुकार्य हे बऱ्याच अंशी कामाच्या रचनेतून निर्माण होते. त्यामुळे केवळ उपदेशाने ते थांबणार नाही.

उपाययोजना

१. वाहनचालन प्रशिक्षण संस्थांनी प्रशिक्षणार्थीकडून ‘बोलून वाहन चालविण्याचा’ सराव करून घ्यावा. समोर काय दिसते आणि पुढे काय घडू शकते, हे चालकाने मोठ्याने सांगत जावे. ब्रिटनमध्ये पोलीस चालकांच्या प्रशिक्षणात ही पद्धत वापरली जाते. तिला कोणताही खर्च नाही.

२. परवाना मिळाल्यानंतरच्या पहिल्या वर्षात फोन हाताशी न ठेवता आसनाखाली किंवा पिशवीत बंद ठेवण्याचा नियम कुटुंबांनी घालून द्यावा. महाविद्यालयात दुचाकीवरून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा विषय राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रमात घेता येईल.

३. मिनीडोअर व रिक्षा थांब्यांवर, गाडी सुटण्यापूर्वीच भाडे जमा करण्याची पद्धत संघटनांनी रूढ करावी.

४. वळणमार्ग बदलताना केवळ नवा फलक पुरेसा नाही. बदलाच्या आधी पुरेशा अंतरावर, रात्री व पावसात दिसेल असा, रस्त्याचे नेहमीचे रूप मोडणारा ठळक इशारा असावा.

५. गाडीवर असलेल्या माणसाला फोन करणाऱ्यानेही आपली जबाबदारी ओळखावी. ‘गाडी चालवतो आहेस का?’ हा पहिला प्रश्न असावा आणि उत्तर होकारार्थी आल्यास फोन ठेवावा. कारखान्यातील पर्यवेक्षक, दुकानदार आणि घरची माणसे यांनी एवढे पाळले, तरी चालकावरील एक भार कमी होईल.

समारोप

अनुभवी चालक हा समाजाचा मोठा ठेवा आहे. पावसाळ्यातील रात्री सुकेळी खिंडीतून चाळीस-पन्नास प्रवाशांना सुखरूप नेणारा एस.टी. चालक जे करतो, ते नवशिक्याला शक्य नाही. परंतु त्याचे सामर्थ्य एका वेळी अनेक कामे करण्यात नसून, इतर सारे सोडून एकाच कामावर मन ठेवण्यात आहे. वर्षांच्या अनुभवाने हात बसतो. लक्ष मात्र प्रत्येक प्रवासात नव्याने द्यावे लागते.